कच्ची दोरी

सोलापुरातल्या गिरण्यांत तेव्हा विजेच्या मोटारी नव्याने येत होत्या. आमच्या गिरणीत पॉवरहाऊसपासून नव्या माग खात्यापर्यंत जमिनीखालच्या नळातून केबल ओढायची होती आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. केबल विलायतेची, शिशाच्या आवरणाची आणि एकच. जास्त ताण बसून शिसं फाटलं तर दुसरी बोटीने येईपर्यंत खातं बंद. मी नवाच लागलेलो. माझी नोकरीही गेलीच म्हणायची.

ओढायला वळसंगकडचा एक मुकादम गडी घेऊन आला. ही बॉयलर हलवणारी माणसं. आरोळी ठोकायची आणि एकदम हिसका मारायचा, ही त्यांची रीत. "हिसका नको, संथ ओढा," सांगून माझा घसा बसला. शेवटी दोर आणि केबल यांच्यामध्ये मी मुद्दाम एक बारीक दोरी बांधली. ताण वाढला की केबलच्या आधी ती तुटावी.

पहिल्याच हिसक्याला ती तुटली आणि सगळे गडी उताणे. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलेल्या बायका पोट धरून हसल्या. मलाही हसू आवरेना. मुकादम लालेलाल झाला.

पुन्हा तशीच दोरी बांधून मी नळाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. या वेळी केबल सरसर बाहेर आली. गाठ सोडायला वाकलो, तर माझ्या दोरीशेजारी नवा जाड दोर, तोही दुहेरी!

"तुमची दोरी कच्ची हुती सायेब," मुकादम हळूच म्हणाला. "म्या जोडीला पक्का दोर दिला की. तुमचं काम आडायला नगं."

म्हणजे केबलवर किती ताण बसला, हे कळायला आता मार्गच नव्हता. वर कळवलं असतं तर त्याला गिरणीत पुन्हा पाय ठेवता आला नसता. म्हणून मी कळवलं नाही. तपासणीत केबल ठीक निघाली, पण आत कुठे दुखावली असेल तर ते वीज सोडल्यावरच कळणार होतं.

वीज सोडायच्या दिवशी मुकादम धुतलेला पटका बांधून, गड्यांना घेऊन केबलच्या टोकाला खेटून उभा राहिला. भडका उडाला असता तर आधी तेच भाजले असते. कारण सांगावं तर मॅनेजर माझ्या शेजारी.

"बाहेर व्हा सगळे! इथं काय तमाशा आहे?" मी ओरडलो.

"आमी वढली, आन आमालाच भाईर?"

मी दाराकडे बोट केलं. ते गेल्यावर बटण दाबलं. मोटारी फिरल्या, माग धडधडू लागले. हायसं वाटून मी पेढे घेऊन फाटकाकडे धावलो. मुकादम दोर गुंडाळत होता. कारण सांगायला तोंड उघडलं, तर मॅनेजरही माझ्या मागोमाग आलेला.

"सायबांनीच खावं," असं म्हणून मुकादमाने दोर खांद्यावर टाकला आणि तो चालू लागला.