चौदावी गाठ

राजेश्वरी शिर्केचे डोळे बोटांत आहेत, असं लॅबमध्ये सगळे म्हणत, आणि तिला ते ऐकायला भारी आवडे! पणजोबा संस्थानच्या रिसाल्यात घोडेस्वार होते, आणि ही पोर वाडीतल्या घरून चालत इस्पितळात जाऊन आतड्याचे तुकडे चिरत बसते, म्हणून नातेवाईक नाकं मुरडत. मुरडोत बापडे. सत्त्याण्णव साली तिला त्या कामात बारा वर्षं झाली होती आणि आपल्या हाताबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

आतड्याचा कॅन्सर कापून काढला की भोवतालची चरबीही लॅबमध्ये येते. तिच्यात मसुराएवढ्या गाठी लपलेल्या असतात. रोग पसरायला लागला की बहुधा आधी तिथेच जाऊन बसतो. तरसालीचे नारायण पवार मकरपुऱ्यातल्या कारखान्यात फिटर होते, वय बेचाळीस. त्यांच्या चरबीत सात गाठी मिळाल्या, सातही स्वच्छ. रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टर दीप्ती हुशार, पण नव्या आणि उतावळ्या.

"झालं की, ताई. पसरलेला नाही, असं लिहून टाकते."

बाहेर बाकावर नारायणरावांची बायको सुहासिनी बसली होती. गाठी स्वच्छ निघाल्या तर पुढे कॅन्सरच्या औषधाची इंजेक्शनं नकोत, असं सर्जननी तिला सांगितलं होतं.

"लिहू नका," राजेश्वरी म्हणाली. "एवढ्या चरबीत सातच? छे! मला दोन दिवस द्या."

"ताई, तुमचा हट्ट म्हणजे ना!" दीप्ती हसल्या, पण थांबल्या. सुहासिनीला परवा यायला सांगितलं.

राजेश्वरीने चरबी रसायनात बुडवली, म्हणजे ती पारदर्शक होते आणि गाठी दिसू लागतात. आणखी सात सापडल्या. काचेवर नेहमीचा रंग देऊन पाहिल्यावर त्याही स्वच्छच दिसल्या, तरी तिचं समाधान होईना. आतड्याच्या पेशींत एक प्रोटीन असतं, ते अशा गाठीत असायचं कारण नाही. ते असेल तिथे तपकिरी होणारा महागडा रंग तिने चौदाही गाठींना दिला. चौदाव्या गाठीच्या कडेला तपकिरी पेशींचा पुंजका उठून दिसला.

"अगं बाई!" सूक्ष्मदर्शकातून बघत दीप्ती म्हणाल्या. "मी तर घरी पाठवत होते यांना."

राजेश्वरीला आधी अभिमानच वाटला. मग बाहेर बाकावर बसलेली सुहासिनी आठवली.

त्या दुपारी दीप्तींनी सुहासिनीला सगळं समजावून सांगितलं. ती तडक राजेश्वरीच्या टेबलापाशी आली. डोळे लाल झाले होते.

"तुम्हीच शोधलंत ना? का शोधलंत हो?"

"हो, मीच. आहे ते शोधायलाच बसले आहे मी इथे."

"आणि नसतं शोधलं तर?"

"तर परवाच तुम्ही पेढे वाटले असते, आणि त्यांना औषध मिळालं नसतं."

सुहासिनी स्टूल ओढून बसली आणि पदरात तोंड घालून पोटभर रडली. राजेश्वरी हातमोजे काढून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बऱ्याच वेळाने सुहासिनीने तोंड पुसलं.

"इंजेक्शनं कधीपासून सुरू करायची?" तिने विचारलं.