उतू आलेलं सोयाबीनचं दूध

पहिली बाई ओकली तेव्हा मी म्हटलं, मिरची लागली असेल. चौथी ओकली तेव्हा हातातली पळी खाली ठेवली. कारखान्याच्या भिंतीला टेकून सगळ्या पोट धरून बसल्या होत्या. मला घाम फुटला. ते जेवण माझ्या भट्टीवरचं होतं.

लढाईचे दिवस होते. नगरला लष्कराचे तंबू शिवायचा एक कारखाना होता. तिथल्या बायकांना दुपारचं जेवण द्यायचा ठेका हाशमभाईंकडे होता. मी त्यांच्याकडे खवा आटवायचे. दूध सगळं छावणीत जाऊ लागलं आणि माझी भट्टी थंड पडली. तेवढ्यात हाशमभाईंचे मेहुणे युसुफभाई जपानातून परत आले. कोबे गावात त्यांची कापडाची पेढी होती. लढाईमुळे बंद करावी लागली. तिकडे सोयाबीनचं पनीर खातात, तोफू म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. हाशमभाईंनी बडोद्याकडून सोयाबीनचं पोतं मागवलं. मला म्हणाले, "नूरबी, बायकांना पसंत पडलं तर छावणीच्या खाणावळीलाही देऊ. पण जपानी म्हणून तोंडातून काढायचं नाही, लढाई त्यांच्याशीच आहे."

काम पनीरासारखंच. सोयाबीन रात्रभर भिजवायचं, पाट्यावर वाटायचं, पाणी घालून फडक्यातून गाळायचं. ते दूध उकळून फाडायचं. फाडायला मिठाच्या पोत्याखाली पाझरतं ते कडू पाणी लागतं. ते भट्टीवर वरकाम करणारी ठकूबाई मिठाच्या दुकानातून बुधल्यात भरून आणायची. मग फडक्यात बांधून वर दगड ठेवायचा. युसुफभाई म्हणाले, कोबेत हे न शिजवताच खातात. म्हणून वड्या कापून वर लसणाची फोडणी ओतली आणि भाकरीबरोबर वाढलं. वड्या जरा लिबलिबीत झाल्या होत्या. मी मनावर घेतलं नाही.

हाशमभाई धावत आले. बायका ओकताना पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी आधी ठकूबाईला धरलं.

"कसलं पाणी आणलंस?"

"पोत्याखालचं. तुमीच सांगितल्यालं."

"मग तू का नाही खाल्लंस?"

"मी तुमच्या हातचं कंदी खाल्लंय, शेटजी? आज बरी आठवन झाली!"

ठकूबाई आमच्या हातचं खात नसे. हे सगळ्यांना माहीत होतं, कोणी मनाला लावून घेत नसे. त्या दिवशी तेच तिच्या अंगाशी आलं. हाशमभाई ओरडले, "उद्या सकाळी फौजदाराकडे नेतो तुला."

"न्या. पळून जायला गुडघं कुठं धड हायेत?" ती म्हणाली. पण बुधला उचलून तिने दोनदा हुंगून पाहिला.

खोटं कशाला लिहू, मलाही वाटलं की पाण्यातच काही असणार.

संध्याकाळपर्यंत बायका सावरल्या. भिजलेलं सोयाबीन उरलं होतं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाटलं आणि दूध चुलीवर ठेवलं. दूध वर आलं. लहानपणापासून एवढंच शिकले होते, दूध उतू आलं की उकळलं, उतरवायचं. उतरवायला गेले आणि फेस बोटाला लागला. बोट भाजलं नाही.

मी पुन्हा बोट घातलं. गरम होतं, पण उकळतं नव्हतं. तो नुसता फेस होता. खाली दूध कच्चंच.

अंगावर सर्रकन काटा आला. कच्चा घेवडा खाल्ला तर पोट बिघडतं, हे आमच्याकडे पोरंही जाणतात. मी त्या बायकांना कच्चं कडधान्य वाढलं होतं.

मी हाशमभाईंना आणि युसुफभाईंना बोलावलं. ठकूबाई दारात उभीच होती, फौजदाराकडे जायला तयार. मी म्हटलं, "बघा, हे कालच्यासारखंच वर येताच उतरवलंय, पण यात पोत्याखालचं पाणी टाकलेलं नाही," आणि त्यातलं पेलाभर दूध प्यायले.

"नूरे, येडी झालीस का?" ठकूबाई ओरडली.

तासाभरात मी अंगणात ओकत होते. हाशमभाई डोकं धरून पायरीवर बसले. "या अल्ला. म्हणजे पाणी नव्हे?"

"पाणी नव्हे. मी. फेसाला उकळी समजले."

त्यांनी मेहुण्यांकडे पाहिलं. "कोबेत किती वेळ उकळतात?"

"मी खायला जायचो," युसुफभाई म्हणाले. "बघायला कशाला जाऊ?"

ठकूबाई तेवढ्यात माझ्या तोंडावर पाणी मारत होती. "लई शहानी," म्हणाली. "कालच बोलली असतीस तर माजी रात झोपंत गेली असती."

पुढे फेस खाली बसवून, खरी उकळी आल्यावर वीसेक मिनिटं दूध शिजवू लागलो. वड्या घट्ट झाल्या. महिन्याभराने बायकांनी भीतभीत खाल्ल्या, काही झालं नाही. मग छावणीच्या खाणावळीत रश्शात घालायला जाऊ लागल्या. हाशमभाईंनी मला पाट्यावर बसवलं आणि भट्टीवर ठकूबाईला ठेवलं. बरोबरच केलं. दूध शिजलं की कच्चं, हे ती नुसत्या वासावरून सांगायची. कधी चुकली नाही.

त्यातला एक तुकडाही तिने जन्मात तोंडात घातला नाही. आम्हीही पुन्हा कधी विचारलं नाही.