दाजींचा हार्डनर

दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, आमच्या घरात कधी चुकत नाहीत. चुकलेच तर ती चूक आमची असते.

बाबा गेल्यावर आई माणसांशी बोलेनाशी झाली. बोलायची ती बाबांच्या माशांशी. सकाळी खाण्याची डबी घेऊन टाकीपुढं बसायची आणि मंडईपासून शेजारणीच्या सुनेपर्यंत सगळं सांगायची. दोन्ही म्हातारे गोल्डफिश काचेला तोंड लावून ऐकायचे.

टाकीत बाबांनी रचलेली दगडांची गुहा ढासळली, म्हणून मी टाकीत चालणारं इपॉक्सी, म्हणजे चिकट लगदा आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून लावायचा गोंद, आणला. मासे बादलीत काढले, हवेची नळी सोडली. तेवढ्यात दाजी टपकले. त्यांचं उद्यमनगरात गॅरेज आहे. गाडीच्या चेपलेल्या पत्र्यावर लांबीचा लगदा भरताना घाई असली की तो लवकर घट्ट व्हावा म्हणून हार्डनर वाढवायचा, एवढंच त्यांचं शास्त्र. माझ्या हातातून घेऊन त्यांनी इथंही तेच केलं.

"दाजी, ही लांबी नव्हे. दोन्ही भाग सारखेच घ्यायचे, नाहीतर कच्चं राहतं, पाकिटावर लिहिलंय."

"आगं, गाड्या उभ्या केल्यात आम्ही! ह्यो तर दगुड हाय की!"

आठवडाभर सुकू द्या, नाहीतर विष पाण्यात उतरतं, असंही पाकिटावर होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नख दाबलं, तर खळगा पडला. वासही येत होता. बघायला आलेले दाजी म्हणाले, "भरा पाणी. बादलीत मरत्याल मासं." बादलीत मासे मजेत होते! मी आईला तो नखाचा खळगा दाखवला.

"जावयाच्या शब्दाबाहेर जाऊ नगंस," आई म्हणाली. "एवढं हातानं केलंय त्येंनी."

टाकी भरली. सकाळी दोन्ही मासे उलटे तरंगत होते. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी फोन उचलला, तर आईनं हात धरला.

"सांगू नगंस. वाईट वाटंल त्यास्नी."

"आणि तुला?"

ती खाण्याची डबी फडताळात ठेवायला गेली.

रविवारी दाजी जेवायला आले. रिकामी टाकी बघून म्हणाले, "मासं कुठं गेलं?"

"म्हातारं झालतं," आई त्यांना वाढता वाढता म्हणाली.

मला राहवलं नाही. "तुम्ही मारलेत, दाजी. घाई केलीत, म्हणून मेले."

ताट तसंच टाकून ते उठले. आईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मासे मीच मारले होते.

आता ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. दाजींना मात्र रोज सकाळी, माशांच्या खाण्याच्या वेळेला, फोन करून विचारते, राग गेला का म्हणून.