काचेआडचा शेंदूर

कलेचा इतिहास शिकले, शिकवला आणि शेवटी वर्ध्याच्या एका छोट्या संग्रहालयाची डायरेक्टर झाले. मूर्ती म्हणजे दगड, शैली आणि काळ. चमत्कार वगैरे माझ्या खिजगणतीतही नव्हते. म्हणूनच हे लिहिताना माझी चिडचिड होतेय…

नालवाडीच्या कौतिकाबाई भाजीपाला पिकवतात. शेजारी प्लॉट पडले, चोरीची भीती वाटू लागली, म्हणून त्यांनी भाजीच्या वाडीतली आपल्या घरची देवी संग्रहालयाकडे दिली. अट एकच — शेंदूर काढायचा नाही. मी शब्द दिला. पिढ्यान् पिढ्यांचे थर होते ते. माझ्या लेखी तोही इतिहासच.

मी कामासाठी नागपूरला गेले आणि संग्रहालयाच्या ट्रस्टच्या अध्यक्षांनी मूर्ती तारेच्या ब्रशनं घासून घेतली! नव्या दालनाच्या उद्घाटनाला म्हणे 'क्लीन लुक' हवा. परत येऊन पाहते तर देवीच्या चेहऱ्यावर ओरखडे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर मूर्ती काचेच्या पेटीत ठेवून, कुलूप घालून किल्ली अध्यक्षांनी स्वतःच्या खिशात ठेवली.

उद्घाटनाच्या दिवशी मी स्वतः जाऊन कौतिकाबाईंना घेऊन आले. वाटेत सगळं सांगितलं. अध्यक्षांनी त्यांची माफी मागावी, एवढंच मला हवं होतं.

भरदुपारी, पाहुण्यांसमोर, अध्यक्षांनी पेटीवरचा पडदा ओढला… आणि देवी शेंदरानं माखलेली! ओला शेंदूर, तेल ओघळतंय. कुलूप जागेवर, काच धड.

"मॅडम, हा तुमचा स्टंट आहे!" ते सगळ्यांसमोर ओरडले.

"मॅडमले काऊन बोलून राह्यले?" म्हणत कौतिकाबाई काचेपाशी गेल्या आणि थबकल्या. "शेंदरातली बोटं पाहा ना… हनुवटीपासून वर गेली. असा शेंदूर आमच्याच घरच्या बाया लावतेत. अन् आता मी एकलीच उरली. मी त आत्ता आली!"

त्यांचं कोण ऐकतंय? मूर्तीशी छेडछाड केल्याचा ठपका ठेवून मला काढून टाकलं. आयुष्यभर कमावलेलं नाव मातीत गेलं. आता कुठलंच संग्रहालय मला दारात उभं करत नाही.

आणि तिथे आज काय चाललंय? पेटीपुढे दानपेटी! अध्यक्ष नारळ फोडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, देवी आपोआप प्रकटली. अहो, आपोआप झालं तर मी गुन्हेगार कशी? आणि मी केलं असेल तर नारळ कुणापुढे फोडताय?

शेंदूर कुठून आला, मला आजही माहीत नाही. मध्यंतरी कौतिकाबाई आपली देवी परत मागायला गेल्या होत्या. त्यांना दर्शनाच्या रांगेत उभं राहायला सांगितलं.