जाळ्यात टांगलेले शब्द

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढेसुद्धा नाही — देवापुढे उभी राहिले की मी घाईघाईने दुसरंच काहीतरी मागते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल तर वाचून धक्का बसेल. आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या शिक्षकांत माझं नाव चांगलं आहे. फार चांगलं आहे.

मी प्राथमिक शिक्षिका. सव्वीस वर्षं झाली. प्रशिक्षणाला बोलावतात तेव्हा ‘खेळातून वाचायला शिकवणाऱ्या मॅडम’ अशी ओळख करून देतात, मग शाल, मग कुंडीतलं रोपटं. ती रोपटी माझ्याकडे जगत नाहीत. पाणी घालायचं राहून जातं, कारण मी सदा कुठेतरी भाषण द्यायला गेलेली असते.

बघा, मूळ गोष्ट बाजूलाच राहिली. मी अशीच करते. नऊ वर्षं अशीच करत आले.

तेव्हा मी नवेगाव बांधच्या बाजूच्या एका लहान गावात होते. शाळेच्या मागेच तलाव. तिसरीत एकोणीस मुलं. निम्मी ढिवरांची, म्हणजे मासेमारीवर जगणाऱ्या घरांतली, बाकीची धानाची शेती करणाऱ्यांची आणि जंगलात कामाला जाणाऱ्यांची. मी फळ्यावर अक्षरं काढायची आणि मुलांनी खिडकीतून पाण्याकडे बघत बसायचं, असा आमचा कार्यक्रम होता. मी चिडायचे. मला राग लवकर येतो, हेही आत्ताच सांगून टाकते.

एक दिवस आचलचे बाबा फाटकं जाळं घेऊन आले. आचल माझ्याच वर्गातली, आठ वर्षांची, बारीक, केसांना तेल चोपडलेलं, आवाज मात्र खणखणीत. जाळं त्यांनी शाळेच्या बागेला कुंपण म्हणून आणलं होतं. मी ते व्हरांड्याच्या भिंतीवर ताणून बांधलं, जाड कागदाचे साठ तुकडे कापले, प्रत्येकावर मोठ्या अक्षरात एक शब्द लिहिला — मरळ, रोहू, झिंगा, डोंगा, शिंगाडा, कमळ, बगळा — आणि कपड्यांच्या चिमट्यांनी जाळ्यात लटकवले. मी म्हणायचे, मरळ पकडा! की पोरं धावत सुटायची. ज्याच्या हाती मरळ लागली त्याने ती सगळ्यांना वाचून दाखवायची आणि परत तिच्या जागेवर टांगायची.

खोटं नाही सांगत, वर्ग बदलला. ऐन रोवण्याच्या दिवसांत, जेव्हा पोरं आईबरोबर धान लावायला बांधीत जातात, तेव्हासुद्धा माझा पट भरलेला असायचा. सुटी झाली तरी मुलं जाळ्यापासून हलायची नाहीत. मी इतकी खूश होते! इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मला वाटलं, मला हे काम येतं. आणि आचल तर सगळ्यांच्या पुढे. साठच्या साठ शब्द, डावीकडून उजवीकडे, न अडखळता.

केंद्रप्रमुख सर भेटीला आले, पाहून थक्क झाले. नवोपक्रम स्पर्धेला पाठवा म्हणाले, व्हिडिओ लागेल म्हणाले. शेजारच्या शाळेतले एक सर मोबाइलवर छान चित्रण करायचे, त्यांना बोलावण्याचं ठरलं. वाचणार कोण? आचल. दुसरं कोण असणार?

चित्रणाच्या आदल्या दिवशी सकाळी शाळेत आले तर वांदरांनी धिंगाणा घातलेला. अर्धं जाळं रिकामं, कागद अंगणभर. मी भराभर गोळा केले आणि हाताला येतील तसे टांगून टाकले. आचल आली, दप्तर ठेवलं आणि रोजच्यासारखी सुरू झाली. पहिल्या कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाली, मरळ. कागदावर बगळा लिहिलेलं होतं. दुसऱ्यावर बोट — रोहू. तिथे कमळ होतं. ती थांबली नाही. चेहरा तसाच फुललेला, आवाज तसाच खणखणीत, आणि एकामागून एक चूक.

मी तिला तिथेच थांबवलं. पहिलीच्या पुस्तकातला सोपा धडा उघडून दिला. तिने पुस्तक हातात धरलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसली.

समजलं ना तुम्हाला? तिला एक अक्षर येत नव्हतं. तिच्या बाबांना तलावात कुठे काय लागतं हे न बघता ठाऊक असतं, तसं तिला जाळं ठाऊक होतं. कोणत्या गाठीला कोणता शब्द. मी घाईघाईने आणखी मुलांना पाहिलं. एकोणिसातली सात तशीच निघाली. चार महिने ती आनंदाने उड्या मारत होती आणि वाचायला शिकत नव्हती, आणि मी समोर उभी राहून टाळ्या वाजवत होते.

याला उपाय काय होता? अगदी सोपा होता. पत्ते पिसतात तसे कागद रोज पिसून टांगायचे. पाच मिनिटांचं काम. नव्या शिकाऊ शिक्षकालाही सुचेल असं. सातच मुलं होती, दुपारची खिचडी झाली की त्यांना घेऊन अर्धा तास बसले असते तर संक्रांतीपर्यंत गाडी रुळावर आली असती. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

मी काय केलं ते सांगते. मी सगळे कागद काढले आणि एकेक करून जुन्या जागी टांगले. कुठे काय होतं ते मला आठवेना, तेव्हा मी आचललाच विचारलं. तिने सांगितलं, मी टांगलं. दुसऱ्या दिवशी चित्रण झालं. एका दमात साठ शब्द.

बक्षीस मिळालं. जिल्ह्यात पहिला क्रमांक. स्पर्धेसाठी जो अहवाल लिहायचा असतो त्यात मी एक वाक्य घातलं होतं — ‘प्रत्येक शब्दाचे घर ठरलेले असल्याने मुलाच्या मनात शब्द पक्का बसतो.’ म्हणजे जी खोट होती तीच मी पद्धत म्हणून लिहून दिली. परीक्षकांना ते वाक्य फार आवडलं. आज आमच्या जिल्ह्यात कितीतरी शाळांच्या व्हरांड्यात जाळी लागलेली आहेत आणि शब्द आपापल्या घरात टांगलेले आहेत. मी भेटीला गेले की गुरुजी कौतुकाने दाखवतात. तिथे किती आचल असतील? मी कधी एक कागद इकडचा तिकडे करून पाहिला नाही. हिंमतच झाली नाही.

आचलचे बाबा बक्षिसाच्या दिवशी धुतलेला सदरा घालून आले होते. हात जोडून म्हणाले, “माही पोरगी वाचून राहिली मॅडम, तुमच्यानं.” घरात आजवर कोणी वाचलेलं नव्हतं. मी म्हटलं, हुशार आहे हो तुमची आचल.

इथवर एक खोटारडेपणा झाला. असे खोटे अहवाल नोकरीत किती लिहिले जातात, तुम्ही म्हणाल. पण मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं आहे. आणि तिथे आले की माझा हात थांबतो.

बक्षिसानंतर महिना झाला असेल. खिचडी आटोपली होती, मुलं अंगणात ताटल्या धुवत होती. मी वर्गात एकटी. आचल आत आली. दाराजवळ उभी राहिली, मग टेबलाजवळ आली. नेहमीचा आवाज नव्हता. “मॅडम,” ती म्हणाली, “मले ते टांगलेलंच येते. बुकातलं नाई येत.”

आठ वर्षांच्या पोरीने आपण होऊन येऊन हे सांगितलं. किती दिवस मनात घोळवलं असेल? गावात सगळे तिचं कौतुक करत होते, व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर होता, आणि तिला एकटीला माहीत होतं की हे खरं नाही. ती माझ्याकडे आली, कारण मी तिची मॅडम होते. तिला वाचायचं होतं.

मी तिला जवळ घेतलं. रागावले असते तरी बरं झालं असतं. मी प्रेमाने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, “येईल हळूहळू. पण हे कोणाले सांगायचं नाही, हं बेटा.” तिने मान हलवली. मी तिला टेबलावरचा खडू दिला, रंगीत. ती गेली.

त्या वर्षी मूल्यमापनाच्या वहीत तिच्या नावापुढे मी ‘अस्खलित वाचन’ लिहिलं. व्हिडिओतल्या मुलीपुढे दुसरं काय लिहिणार? ज्यांना वाचन येत नाही त्यांचा वेगळा वर्ग असतो, त्या यादीत तिचं नाव गेलंच नाही. चौथीतही ती माझ्याकडेच होती. मी तिला जवळ घेऊन पुस्तक उघडलं नाही. का? कोणी पाहिलं तर? जिची ख्याती वाचनासाठी, तिला मी बाराखडी शिकवताना दिसले तर? शिवाय मला वेळ कुठे होता. मी तालुक्या-तालुक्यात सर्जनशील अध्यापनावर बोलत फिरत होते.

ती धडे ऐकून पाठ करायची. मी तिला वाचायला उठवत नसे. आम्हा दोघींचं न बोलता ठरलेलं होतं.

पुढे माझी बदली झाली आणि ती मोठ्या शाळेत गेली. ती सातवीत असताना तिच्या वर्गशिक्षकांचा मला फोन आला. भला माणूस. म्हणाले, मॅडम, ही तुमचीच ना, व्हिडिओतली? वाचतच नाही हो. पुस्तक दिलं की गप्प उभी राहते. तिसरीत एवढं वाचणारी पोरगी विसरेल कशी? नाटक करते की काय, कळत नाही. तुम्हीच सांगा, काय करू?

त्यांनी विचारलं होतं. सरळ विचारलं होतं. सर, तिला वाचता येत नाही, कधीच येत नव्हतं — एवढंच म्हणायचं होतं. बारा वर्षांची मुलगी वर्षभरात शिकली असती. मी फोन कानाला धरून स्वयंपाकघरात उभी होते, गॅसवर चहा उकळत होता, आणि मी म्हणाले, “थोडी आळशी आहे हो ती. जरा कडक राहा.”

हे मी म्हणाले. मीच.

ते कडक राहिले. किती, ते मला दुसऱ्यांकडून कळलं. वर्गाबाहेर उभं करणं, सगळ्यांसमोर तिचाच जुना व्हिडिओ लावून विचारणं, आता काऊन नाही येत? नववीत तिने शाळा सोडली. रोवण्याला जाते, शिंगाडे सोलायला जाते, उन्हाळ्यात बिडीचा तेंदूपत्ता तोडायला. एकदाही तिने तोंड उघडलं नाही. मार खाल्ला, नाटकी म्हणवून घेतलं, पण मॅडमचं नाव घेतलं नाही.

मागच्या हिवाळ्यात शिक्षकांच्या एका मेळाव्यात माझा सत्कार होता. आयोजकांना काय सुचलं कोण जाणे, मला न सांगता त्यांनी आचलला बोलावून आणलं. आधी मोठ्या पडद्यावर तो व्हिडिओ दाखवला. मग निवेदक म्हणाले, हीच ती चिमुकली, आज आपल्या मॅडमचं मानपत्र हीच वाचणार. सभागृहात टाळ्या. ती मंचावर आली. सतरा-अठराची असेल. जांभळा पंजाबी ड्रेस, हात कामाने राठ झालेले. तिच्या हातात चौकटीतलं मानपत्र दिलं, समोर माईक केला.

तिने कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. त्या क्षणी मला तिची काळजी वाटली नाही; आता आपलं पितळ उघडं पडणार, एवढंच मनात आलं. तीन-चारशे लोक तिच्याकडे बघत होते.

मग ती माईकवर म्हणाली, “मॅडमच चांगल्या वाचतात. त्यायनंच वाचावं.” आणि मानपत्र माझ्या हातात दिलं. लोकांना तो विनय वाटला. आणखी टाळ्या पडल्या.

आणि मी वाचलं. तिच्या शेजारी उभी राहून, चांगल्या आवाजात, शेवटपर्यंत. ज्यांच्यामुळे तळागाळातल्या मुली पुस्तकं वाचू लागल्या, असं त्यात लिहिलं होतं.

दुपारी ती जेवणाच्या मंडपामागे भेटली. मी विचारलं, कशी आहेस? ती जवळ आली. मला धीर द्यावा तशी, हळू आवाजात म्हणाली, “मी कोणालेच नाई सांगितलं, मॅडम.”

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. नऊ वर्षांपूर्वी फिरवला होता तसाच. तिथे मंडपामागेही मी म्हणू शकले असते की चल, मी शिकवते, अजून वेळ गेलेली नाही. मी म्हणाले, जेवून घे, वरण थंड होईल.

तिचं गाव माझ्या आत्ताच्या शाळेपासून स्कूटीने अर्ध्या तासावर आहे. मी गेलेले नाही. पुढच्या आठवड्यात नव्या शिक्षकांचं प्रशिक्षण आहे, त्यात माझं सत्र आहे आणि सुरुवातीला तो व्हिडिओ दाखवायचा आहे. मी होकार कळवला आहे.