बस कुणाच्या हुकमात

“ही वाचतेय की नुसती पानं उलटतेय?” टेबलापलीकडच्या क्लार्कने शेजारच्याला हळूच विचारलं. मला ऐकू आलं. मी मान वर केली नाही.

पूर्णा गावातल्या एका गोदामाच्या ऑफिसात मी आत्याबरोबर आले होते. आत्या जवळच्याच कोन गावात राहते आणि स्वतःची मिनीबस स्वतः चालवते. गोदामातल्या बायकांची ने-आण करायला कंपनीला ती बस वर्षभरासाठी भाड्याने हवी होती. करार इंग्रजीत, म्हणून मी. हे काम हुकलं तर बस पुन्हा लग्नसराईची वाट बघत दारात उभी राहणार होती.

“बाय, गाडी बंद पडली तं तो दिस कोनाचा?” आत्याने विचारलं.

“त्या दिवसाचं भाडं नाही. बदली गाडी दिलीस तर मिळेल.”

“बरोबर हाय. डिझेल?”

“कंपनीचं.”

“मंग एसी लावू,” ती म्हणाली. क्लार्कसुद्धा हसला.

भाडं कधी सुरू होतं, कधी थांबतं, नुकसान कुणाचं, हे सगळं मी लॉ कॉलेजात जहाजांच्या आणि विमानांच्या करारांत पाठ केलं होतं. आत्या विचारत गेली तसे तेच मुद्दे मला कोन ते पूर्णा रस्त्यावर दिसायला लागले.

मग ते कलम आलं. बस कधी निघेल, कुठून जाईल, किती माणसं नेईल, सगळं कंपनी सांगेल. चालकाने पाळायचं.

मी वाचून दाखवलं. आत्याच्या बसमध्ये उभं कुणी नसतं. सणाच्या आधी गोदामात जास्तीच्या बायका येतात, तेव्हा चार दिवस तिची बस बोलावतात आणि ती दोन फेऱ्या मारते. “दिवसभर उभ्या ऱ्हाऊन आल्यात, गाडीत तरी बसूं दे,” म्हणते.

“ताई, स्टँडर्ड फॉरमॅट आहे,” गोदामाचे मॅनेजर म्हणाले. “सगळे बसवाले साइन करतात.”

“सगले उभ्या नेतात, म्हनून करतात.”

“मग दुसरा बघू का?” ते रागावले नव्हते. फोनकडे बघत होते.

आत्याने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. समोर ट्रक हॉर्न मारत असताना कोनच्या गल्लीतून बस शांतपणे मागे घेणारा तो हात असा थांबलेला मी कधी पाहिला नव्हता.

अख्खं जहाज भाड्याने घेणाराही कप्तानाला वादळात जायला लावू शकत नाही, हे मला माहीत होतं. पण कायद्याचं मराठीत सांगताना मी अडखळते, आणि इंग्रजीत बोलले असते तर आत्याला कळलं नसतं.

“सर,” मी मराठीतच म्हणाले, “कुठे आणि कधी ते तुम्ही सांगा. बसमध्ये किती जणी आणि गाडी कधी थांबवायची, ते चालवणारी ठरवेल. जहाजाच्या करारातसुद्धा सुरक्षेचं कप्तानच ठरवतो. एवढी एक ओळ घाला, आत्या आत्ता सही करेल.”