शेलार बाईंचा शनिवार

गेल्या सोमवारी मी मेलेल्या माणसाला ओटीपी मागितला.

चूक झाली. ऑनलाइन ट्रेनिंगची यादी शिक्षकांच्या ग्रुपवर आली. आमच्या शाळेसमोर दोन नावं, माझं आणि शेलार बाईंचं. बाईंचं नाव अजून कुणी काढलेलं नाही.

माझं लॉगिन केलं आणि सवयीनं लगेच बाईंचं टाकलं. बोट थांबलंच नाही.

दोन मिनिटांत आबांचा फोन. आबा म्हणजे बाईंचे मिस्टर.

"सर, हिच्या मोबाईलवर नंबर आलाय. सहा आकडी. तुमचाच आसंल म्हणलं. सांगू का?"

मी पेन उघडलं.

त्यांनी एकेक आकडा सावकाश सांगितला. मी लिहून घेतला. काय करणार.

"आला का बरोबर?"

"आला आबा."

"मोबाईल चालूच ठेवलाय तिचा. परत लागला तर बिनधास्त सांगा. मी घरीच आस्तो."

वर्गात चौथीची पोरं गणितं करत होती. त्यांच्याकडे पाठ करून कितीतरी वेळ खिडकीशी उभा राहिलो.

आज बाईंना जाऊन महिना झाला, म्हणून लिहितोय.

कळस गावाजवळ वस्तीवरची आमची शाळा. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मध्ये एक भिंत. अशी सहा वर्षं.

मी बारामतीहून गाडीवर येणारा, तंत्रस्नेही वगैरे. शाळेला टॅब आले तेव्हा तर माझी कॉलर भलतीच ताठ. बाकीच्या शिक्षकांना टॅब शिकवायला मलाच बोलवायचे. आज इंदापूर, उद्या बारामती.

हॉलमध्ये माझी एक स्लाइड असायची. "शिक्षकाच्या हातातला टॅब काढून घेऊ नका. त्याला चुकू द्या."

या स्लाइडला टाळ्या पडायच्या.

आणि त्या दिवशी इकडे चारही वर्ग एकट्या बाई सांभाळायच्या.

बाईंच्या वर्गात टॅब अडकला की पोरं ओरडायची, "बाई, सरांना बोलवा." बाई टॅब घेऊन माझ्या दारात उभ्या.

मी काय म्हणायचो?

"द्या इकडे."

दोनदा टकटक केलं की झालं. बाई परत आपल्या वर्गात.

त्यांची ऑनलाइन ट्रेनिंगंसुद्धा मीच केली. सगळीच्या सगळी. मी भिंतीच्या अलीकडून विचारायचो, "बाई, ओटीपी?" त्या पोरांना पाढे म्हणायला लावून आकडे ओरडून सांगायच्या. मी व्हिडिओ म्यूट करून नेक्स्ट, नेक्स्ट दाबत बसायचो.

सर्टिफिकेट आलं की बाई हसायच्या. "सर, लई हुशार झाले बघा मी. माझं मलाच कळंना."

मीही हसायचो. नालायकासारखा.

एकदा मात्र त्या हसल्या नाहीत.

"सर, एक शनिवार द्या मला. सकाळची शाळा सुटल्यावर. दरवेळी पोरांदेखत तुमाला बोलवायचं म्हंजे कसंतरीच हुतं. रिटायर व्हायच्या आधी मला माझ्या हातानं त्या टॅबवर वर्ग घ्यायचाय."

"पुढच्या शनिवारी नक्की, बाई."

असे किती शनिवार गेले, काय सांगू.

एका शनिवारी तर त्या टॅब चार्ज करून, चष्मा पुसून बाकावर तयार बसल्या होत्या. मी गाडीची किल्ली शोधत होतो. बाई, आज बारामतीला ट्रेनिंग आहे, म्हणालो.

"जावा सर," त्या म्हणाल्या. "ती लोकं वाट बघत आसतील."

मी गेलो. तीच स्लाइड दाखवली.

मग एका शुक्रवारी शाळा सुटली, बाई घरी गेल्या, छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

आता चारही वर्ग माझ्या एकाच खोलीत. दुसरे शिक्षक अजून यायचेत. मधल्या सुट्टीत डबा उघडतो आणि बोलायला कुणी नाही. मोबाईल बघतो. अर्धी भाकरी तशीच परत घरी जाते.

पहिलीच्या पोरांच्या हातात टॅब दिले. चित्रं सरकवतात, बदक आलं की खिदळतात. वाचत कुणीच नाही.

बाईंकडे हीच पोरं वाचायची. मला भिंतीतून ऐकू यायचं. पण बाई नेमकं काय करायच्या, ते मला माहीत नाही. सहा वर्षांत त्यांच्या वर्गात मी एकदाही मागं जाऊन बसलो नाही. दहा पावलं होती.

आता विचारायचं कुणाला?

शेवटी आज पहिलीतल्या एका पोरीलाच विचारलं. "बाई वाचायला कसं शिकवायच्या गं?"

"बाई पयलं इचारायच्या, आज काय झालं?"

"मग?"

"मग आमी सांगायचो. मग बाई त्येच फळ्यावर लिवायच्या. मग आमी वाचायचो."

एवढंच.

हे माझ्या एकाही स्लाइडवर नाही.

टॅब बाजूला ठेवले, खडू घेतला. "बरं, सांगा. आज काय झालं?"

मग तीच पोरगी म्हणाली,

"आज बी बाई न्हाय आल्या."

जसं बोलली तसंच फळ्यावर लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

आणि पोरांनी ते वाचलं. सगळ्यांनी, मोठ्यानं, कुठंही न अडखळता.

बाई, तुमची पोरं वाचतायत. हे तुम्हाला सांगायला पलीकडच्या वर्गापर्यंत गेलो होतो. दाराला कुलूप आहे.

मला माफ करा, बाई.

शेवटचा नमस्कार.